पाठ केलेलं उत्तर

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो होतो. फराळाला काका आले होते. त्यांनी विचारलं, "काय रे, आर्मीत का जायचंय तुला?"

आपल्यापैकी प्रत्येकाला सुट्टीत हा प्रश्न पाच-सहा वेळा तरी विचारला जातो. मी तोंडातली चकली संपवली आणि उत्तर दिलं : देशसेवा, शिस्त, साहसी जीवन आणि वर्दीचा मान. काका म्हणाले, "शाब्बास!" आईचा चेहरा खुलला. मग बोलणं काकांच्या नव्या गाडीकडे वळलं.

रात्री झोप येईना. पडल्या पडल्या लक्षात आलं की हे उत्तर माझं नाही. सहावीच्या प्रवेशाच्या मुलाखतीआधी क्लासच्या सरांनी ते माझ्या वहीत लिहून दिलं होतं आणि मी आरशासमोर उभं राहून पाठ केलं होतं. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पाच वर्षांत उंची वाढली, आवाज फुटला, बुटांचा नंबर चार वेळा बदलला. पण त्या चार मुद्द्यांचा क्रमसुद्धा बदलला नव्हता.

मला आर्मीत जायचं नाही असं मी म्हणत नाही. बहुतेक जायचंच आहे. पण ते मला जायचंय की त्या वहीला, हे त्या रात्री सांगता येईना. आणि मी घाबरलो. रगड्याची भीती वेगळी असते, रगडा संपला की ती संपते. ही भीती सुट्टी संपून शाळेत परत आलो तरी माझ्याबरोबर आली. म्हणून हा लेख.

मराठीत मुलाला 'वळण लावतात'. हा शब्द मी आधी कधी नीट पाहिला नव्हता. हस्ताक्षरालाही वळण असतं आणि रस्त्यालाही असतं. एकदा वळण बसलं की पेन आपोआप तसंच चालतं, विचार करावा लागत नाही. दुसरा शब्द 'संस्कार'. घरी आपण 'संस्कारी मुलगा' म्हणतो तेव्हा ती स्तुती असते. पण पतंजलीच्या योगसूत्रांत संस्कार म्हणजे मनावर उमटून राहिलेला ठसा. तो आपल्याला न कळता आपल्याकडून गोष्टी करवून घेतो. म्हणजे जी गोष्ट आपण मुलांवर मुद्दाम करतो आणि जिच्यातून सुटायचं म्हणून योगी डोळे मिटून बसतात, त्या दोन्हींना आपल्या भाषेत एकच नाव आहे. मला हे फार आवडलं. यात काहीतरी खरं आहे असं वाटलं.

वळण वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. बिछाना घडी करताना मी विचार करत नाही, बुटाला पॉलिश करताना करत नाही, आणि केला असता तर रोज फॉलइनला उशीर झाला असता. आमच्या सायन्सच्या सरांनी एकदा पावलोवच्या कुत्र्यांबद्दल सांगितलं होतं. इव्हान पावलोव हा रशियन शास्त्रज्ञ. त्याला १९०४ साली पचनसंस्थेवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. त्याच्या लक्षात आलं की अन्न देण्याआधी रोज एक ठरावीक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. सर हे सांगत होते आणि तेवढ्यात मेसची घंटा झाली. सगळा वर्ग हसला, सरही हसले. हसलो तरी तोंडाला पाणी सुटायचं ते सुटलंच.

तोंडाला पाणी सुटलं तर काही बिघडत नाही. पण वळण तिथे थांबत नाही, आणि माझी अडचण तिथून पुढे सुरू होते.

गेल्या वर्षीची इंटर हाउस क्रॉस कंट्री. शेवटचा किलोमीटर राहिला होता. पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर माझ्या पुढचा मुलगा पाय मुरगळून खाली बसला. तो दुसऱ्या हाउसचा. त्याला बसलेलं पाहून माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते 'अरे, काय झालं' हे नव्हतं. 'चला, एक कमी झाला' हे होतं. आणि ते आनंदाने आलं. मी त्याच्या बाजूने पळत गेलो. मागून येणाऱ्या मेडिकलवाल्यांनी त्याला उचललं.

हा मुलगा वर्गात माझ्या बाकावर बसतो. त्याच्या घरून आलेला डबा मी खाल्लेला आहे. मग तो आनंद कुठून आला? सहावीत पहिल्या दिवशी ऑफिसमधून एक यादी वाचली गेली. पहिला मुलगा या हाउसमध्ये, दुसरा त्या, तिसरा तिसऱ्या, चौथा चौथ्या आणि पुन्हा पहिल्यापासून. यादीत माझ्या वर एक नाव जास्त असतं तर मी त्याच्या हाउसमध्ये असतो आणि त्याला उचलायला थांबलो असतो. म्हणजे माझी दया एका यादीवर ठरली होती. चार वर्षं टी-शर्टचा एक रंग अंगावर घातला आणि तो रंग कातडीखाली उतरला, तरी मला पत्ता नाही.

हाउस नकोत असं मी म्हणत नाही. मॅचच्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडण्यात जी मजा आहे ती मला सोडायची नाही. पण मनात आलं, चार वर्षांत एका टी-शर्टने एवढं केलं, तर जात, धर्म, भाषा, राज्य यांनी जन्मापासून काय काय केलं असेल? ते तर यादी वाचायच्याही आधी ठरलेलं असतं.

याच काळात लायब्ररीत मला जे. कृष्णमूर्तींचं एक चरित्र मिळालं. ते माझ्यासाठी फार जड असेल असं वाटलं होतं. पण सुरुवात आमच्याच वयाच्या मुलाची निघाली. कृष्णमूर्तींचा जन्म १८९५ साली आत्ताच्या आंध्र प्रदेशातल्या मदनपल्ले गावी झाला. दहा वर्षांचे असताना आई गेली. १९०९ मध्ये वडील मुलांना घेऊन मद्रासजवळ अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीत आले. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर लेडबीटर या इंग्रज गृहस्थांनी या मुलाला पाहिलं आणि ठरवलं की हाच पुढे जगाचा गुरू होणार. तेव्हा कृष्णमूर्ती साधारण चौदा वर्षांचे होते. शाळेत मास्तर त्यांना मठ्ठ म्हणत.

मग त्यांचं ट्रेनिंग सुरू झालं. काय खायचं, कसे कपडे घालायचे, इंग्रजी कसं बोलायचं, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. १९११ मध्ये त्यांच्यासाठी 'ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट' ही संघटनाच काढली गेली आणि त्यांना तिचं प्रमुख केलं. ॲनी बेझंट यांच्यासारखी मोठी व्यक्ती त्यांच्या पाठीशी होती. जगभर हजारो सदस्य झाले, जमिनी मिळाल्या, पैसा आला. आणि ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमध्ये ओमेन इथल्या शिबिरात, सुमारे तीन हजार लोकांसमोर, त्यांनी ती संघटना बरखास्त केली. मला अनुयायी नकोत, माणसांना मोकळं करणं एवढंच मला करायचं आहे, अशा अर्थाचं ते बोलले. जमिनी आणि पैसे देणाऱ्यांना परत केले गेले. तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते.

वीस वर्षांचं ट्रेनिंग! आपलं तर सातच वर्षांचं असतं. मला त्यांच्या तत्त्वज्ञानातलं सगळं कळलं असं मुळीच नाही. 'बघणारा आणि जे बघितलं जातं ते वेगळे नाहीत' असं काहीतरी आलं की मी दोन पानं सोडून पुढे जात होतो. पण एक गोष्ट कळली. ज्या मुलाला सगळ्या जगाने सांगितलं की तू अमुक आहेस, त्याने एक दिवस स्वतः तपासून पाहिलं की मी खरंच तो आहे का. आणि नाही म्हणायला त्याला कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

माझी आतेबहीण कृष्णमूर्तींच्या विचारांवर चालणाऱ्या एका शाळेत आहे. मी फोनवर तिला हे उत्साहाने सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्याकडे सगळं शिट्टीवर चालतं. आमच्याकडे कंडिशनिंग नसतं." ती हे इतक्या झटकन म्हणाली की मला माझेच चार मुद्दे आठवले. मी तिला म्हणालो, "ताई, हे वाक्य तुझं की वहीतलं?" ती चिडली. नंतर दोन दिवसांनी तिचा मेसेज आला, 'बहुतेक वहीतलं.' तेव्हापासून आमची चांगली दोस्ती आहे. मोकळेपणाचंही वळण लागू शकतं हे मला तिच्यामुळे कळलं.

आता आमच्या ड्रिल उस्तादांचं म्हणणं. मी घाबरत घाबरत त्यांना विचारलं की आपण हे सगळं न विचारता का करायचं. मला वाटलं मैदानाला दोन चकरा नक्की. पण ते खाली बसले, बुटाची लेस बांधत म्हणाले, "बेटा, गोळी सुटल्यावर विचार करायला बसशील, तर विचार करायला उरणार नाहीस."

हे मला शंभर टक्के पटतं. अंधारात, थंडीत, भीतीत डोकं चालत नाही तेव्हा हाताला काम माहीत असावं लागतं. ड्रिल त्यासाठीच आहे. पण उस्तादांचं हे उत्तर हाताबद्दल आहे. माझा प्रश्न मनाबद्दल होता, आणि तो मला तेव्हा नीट विचारता आला नाही. इथे विचारतो. हाताला वळण लावताना मनालाही तेच वळण लागलं, तर ज्या दिवशी आज्ञाच चुकीची असेल त्या दिवशी काय होईल?

हा प्रश्न विचारणारा मी पहिला नाही. आपल्या आर्मी ॲक्ट, १९५० च्या ४१व्या कलमात वरिष्ठांची आज्ञा मोडल्याबद्दल शिक्षा सांगितली आहे. पण तिथे नुसती 'आज्ञा' नाही, 'कायदेशीर आज्ञा' आहे. तो एक शब्द ज्यांनी तिथे ठेवला, त्यांना सैनिक डोळे उघडे ठेवील अशी अपेक्षा असणारच. आज्ञा कायदेशीर आहे की नाही हे बघायला कुणीतरी जागं असावं लागतं.

याचं एक उदाहरण मी वाचलं आहे. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकन सैनिक नि:शस्त्र गावकऱ्यांना मारत होते. म्हातारे, बायका, लहान मुलं. वरून ह्यू थॉम्पसन नावाचा चोवीस वर्षांचा अमेरिकन पायलट हेलिकॉप्टर घेऊन चालला होता. त्याने हेलिकॉप्टर आपलेच सैनिक आणि गावकरी यांच्या मध्ये उतरवलं. आपल्या दोन साथीदारांना सांगितलं की आपल्या सैनिकांनी या लोकांवर गोळी चालवली तर तुम्ही त्यांच्यावर चालवा. मग त्याने त्या लोकांना तिथून बाहेर काढलं. त्याबद्दल त्याला सोल्जर्स मेडल मिळालं १९९८ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. थॉम्पसनचं ट्रेनिंग खाली गोळ्या झाडणाऱ्यांपेक्षा कमी नव्हतं. अशा ठिकाणी हेलिकॉप्टर उतरवणं ट्रेनिंगशिवाय जमलंच नसतं. पण त्याला खाली 'शत्रू' दिसला नाही, माणसं दिसली. मला क्रॉस कंट्रीत बाकावरचा मित्र दिसला नव्हता, हाउसचा रंग दिसला होता. दोन गोष्टींची तुलना होऊ शकत नाही हे मला माहीत आहे. तरी मला दोन्ही एकदमच आठवतात.

आणि आपली गीता तरी काय सांगते? अर्जुन रणांगणावर शस्त्र खाली ठेवतो, प्रश्न विचारतो, आणि श्रीकृष्ण त्याला गप्प बसवत नाहीत. अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर ते म्हणतात की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. कुठला कमांडर ब्रीफिंगच्या शेवटी असं म्हणेल?

दिवाळीनंतर मी एक गोष्ट सुरू केली आहे. लाइट्स आउट झाल्यावर दहा मिनिटं दिवस आठवायचा. स्वतःला रागवायचं नाही, शाबासकीही द्यायची नाही, फक्त बघायचं की आज कुठे मी होतो आणि कुठे वळण होतं. पहिल्या आठवड्यात हसूच आलं. ज्याच्यावर छाप पाडायची असते त्याच्याशी मी इंग्रजीत बोलतो. सीनियर समोर आला की चूक नसतानाही तोंडातून 'सॉरी सर' निघतं, आणि ज्युनिअर समोर आला की आवाज आपोआप जाड होतो. रविवारी आईचा फोन आला की तिचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत मी 'सगळं ठीक' म्हणून टाकतो.

मग एका रात्री आजी आठवली.

मी सातवीत होतो. प्रेपच्या वेळी हाउस मास्टर सरांनी ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं की आजी गेली. सर खूप हळू बोलले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी सावधानमध्ये उभा राहिलो. 'ओके सर' म्हणालो आणि परत जाऊन गणितं सोडवली. सगळी बरोबर आली. दुसऱ्या दिवशी मुलं म्हणाली, काय स्ट्राँग आहे हा. मला अभिमान वाटला. तीन वर्षं मी हा प्रसंग अभिमानाचा म्हणूनच मनात ठेवला होता. त्या रात्री पहिल्यांदा दिसलं की ते धैर्य नव्हतंच. मला रडायचं होतं आणि मला ते माहीतच नव्हतं. उशीत तोंड खुपसून खूप रडलो. शेजारच्या बेडवरच्याला जाग आली. त्याने काही विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली.

हे मासिक आमचे पालक आणि सर वाचतात हे मला माहीत आहे. तरी लिहिलं, कारण असं 'ओके सर' म्हणून गेलेला मी एकटा नसणार.

म्हणून माझी एक सूचना आहे. सकाळी सव्वापाचपासून रात्री दहापर्यंत आमच्या टाइमटेबलमध्ये एकही रिकामा चौकोन नाही. रविवारीसुद्धा किट चेकिंग, लेटर रायटिंग, गेम्स. त्यात आठवड्यातून अर्धा तास असा असावा जेव्हा कुणी काहीच करायचं नाही. मैदानावर बसा, झाडाखाली बसा, गप्प बसा. त्याला ध्यानाचा वर्ग करू नये, ट्रेनर बोलावू नये, शिट्टी वाजवू नये. आणि त्याला हाउस पॉइंट्स तर मुळीच ठेवू नयेत, नाहीतर कोण जास्त शांत बसतो याची स्पर्धा लागेल आणि आम्ही ती जिंकायला बघू. काही मुलं झोपतील, काही खडे मारतील. चालेल. कृष्णमूर्तींना अशी ठरवून दिलेली पद्धतही पसंत नव्हती. माझीही दहा मिनिटं हळूहळू एक ड्रिल होत चालली आहेत, परवा तर मी ती करता करता मनात मॅचचा स्कोअर मोजत होतो. पण निदान ते माझ्या लक्षात आलं.

पालकांना सांगायचं ते असं, की मुलगा सुट्टीत घरी आला आणि तुमच्या प्रश्नाला त्याने झटकन छान उत्तर दिलं, तर लगेच खूश होऊ नका. थोडं थांबा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. आईने मला या सुट्टीत विचारलं, "उद्या काय करू खायला?" मी म्हणालो, "काहीही चालेल." तिला वाटलं मला तिच्या हातचं आता आवडत नाही. खरं म्हणजे मला सांगताच येत नव्हतं. पाच वर्षं सोमवार म्हटलं की राजमा आणि बुधवार म्हटलं की अंडाकरी. मला काय आवडतं, हा प्रश्नच कुणी विचारला नव्हता, मीही नाही. तिने तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तेव्हा कुठे आठवलं : थालीपीठ. आजी करायची तसं, कांदा जास्त घालून.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काका पुन्हा येतील आणि पुन्हा विचारतील. म्हणून मी त्या चार मुद्द्यांची यादी वहीच्या मागच्या पानावर लिहून समोर ठेवली आहे. 'शिस्त' खोडलं, कारण ती इथेच मिळाली, तिच्यासाठी आर्मीत जायची गरज नाही. 'वर्दीचा मान' हे खोडावं की नाही यावर दोन रात्री गेल्या. शेवटी खोडलं, कारण मी स्वतःला विचारलं की वर्दी कुणालाच दिसणार नसेल तर मी जाईन का, आणि उत्तर लगेच आलं नाही. 'साहसी जीवन' ठेवलं आहे. ट्रेकला बर्फात पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा जे वाटलं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं, ते माझंच होतं.

'देशसेवा' समोर अजून प्रश्नचिन्ह आहे. क्रॉस कंट्रीत ज्याचा पाय मुरगळला होता त्याला मी परवा सगळं सांगितलं, 'एक कमी झाला' हेसुद्धा. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला माहीत होतं. तू जाताना माझ्याकडे बघितलंस तेव्हा दिसलं." आणि त्याने माझी केमिस्ट्रीची वही मागितली. ती त्याच्याकडेच आहे, मागच्या पानासकट.